मागच्या खोलीचा हजेरीपट

भिवंडी,
९ जून २०२४

जा. क्र. १/२०२४
विषय : मागच्या खोलीत तुझे ऑफिस चालू करण्याबाबत.
संदर्भ : होळीला जेवताना तू केलेले तोंडी विधान.

चि. अर्णव,

आशीर्वाद आहेतच. फोन न करता पत्र का लिहितो आहे ते तुला माहीत आहे. फोनवर तू "हो हो, बघतो" म्हणतोस आणि फोन खिशात गेला की ते "बघतो"ही खिशात जातं. चौतीस वर्षं तालुका कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे मी. तोंडी कामाला शेंडा ना बुडखा, एवढं तरी मला कळतं.

तर होळीला पुरणपोळी खाता खाता तू म्हणालास, "इथं नीट बसायला जागा असती ना बाबा, तर मी बंगळूरला गेलोच नसतो. इथूनच काम केलं असतं." अदिती साक्षीला होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं गेलात. मी मात्र ते वाक्य डायरीत टिपून ठेवलं.

लॉकडाऊनमध्ये तू घरून काम केलंस ते चौदा महिने मला अजून दिसतात. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, कमरेला पट्टा, आणि भिंतीपलीकडे दाजीच्या लूमची खटखट. तुझा साहेब विचारायचा, "अर्णव, तू काय गाडीत बसलायस का?" मग महत्त्वाच्या मीटिंगा तू शुक्रवारी ठेवायला लागलास, लूमना सुट्टी म्हणून. लोकांना ते दिवस आठवायलाही नको वाटतात. मला, खरं सांगायचं तर, त्यांची आठवण येते. संध्याकाळी सहाला तू लॅपटॉप मिटायचास आणि आपण तिघं ओट्यावर चहा प्यायचो. दहावीनंतर इतका सलग तू घरात नव्हतास.

सबब, मागची खोली तुझ्या ऑफिससाठी राखून ठेवायचं ठरवलं आहे. हिरामण सुताराशी बोलणं झालं. टेबलाची उंची-लांबी, खुर्ची कशी, उजेड कुठून हवा, प्लग किती, हे सगळं लेखी कळव. दाजीशी मी बोलतो.

त्या खोलीत तुझ्या आईची शिकवणी चालते, ती स्वयंपाकघरात हलवली आहे. आता पाचच मुलं येतात, मावतात. तिची हरकत नाही (तोंडी).

बाबा

*

बंगळूर,
२० जून २०२४

ती. बाबा,
शि. सा. न.

पत्र मिळालं. पाकिटावर लाल शाईनं "तातडीचे" बघून आमच्या वॉचमनने मला दोनदा विचारलं, घरी सगळं ठीक ना? अदिती हसून हसून लोळली. "संदर्भ : तोंडी विधान" हा कागद तिने फ्रीजवर लावलाय. आता मी घरात काहीही बोललो की ती विचारते, हे लेखी देणार का?

मागची खोली म्हटल्यावर मला एकदम खडूचा वास आला. आईने स्वतः रंगवलेली ती काळी भिंत! फळा कशाला विकत आणायचा, भिंत आहे की, म्हणाली होती ना? त्या भिंतीला टेकून बसलं की पलीकडच्या लूमची थरथर पाठीत यायची. आई खटखटीच्या वर आवाज चढवायची आणि आम्ही सगळे लूमच्या ठेक्यात पाढे म्हणायचो. बाबा, मला अजून पाढे तसेच येतात. मीटिंगमध्ये कुणी सतरा सक विचारलं की आधी माझी मान डोलते आणि मग एकशे दोन येतं. इथल्या लोकांना वाटतं मी देवाचं नाव घेतोय.

मापं अशी : टेबल उंची एकोणतीस इंच, लांबी साडेचार फूट. उजेड डावीकडून. प्लग चार. खुर्ची कमरेला आधार देणारी. आणि आता तुमच्याच भाषेत —

आदेश. वाचले : आपला प्रस्ताव जा. क्र. १/२०२४. मागच्या खोलीत ऑफिस चालू करण्यास याद्वारे मंजुरी देण्यात येत आहे. कर्मचारी श्री. अर्णव सुधीर टिपणीस हे दसऱ्याच्या मुहूर्तावर रुजू होतील.

खाली सही माझी. शिक्का अदितीने बटाटा कापून मारलाय, त्यामुळे जरा चपटा आलाय.

आईला सांगा, वालाच्या बिरड्याची फार आठवण येते.

तुमचा,
अर्णव

*

भिवंडी,
१४ जुलै २०२४

जा. क्र. २/२०२४
विषय : कामाच्या प्रगतीबाबत.
संदर्भ : तुझा मंजुरी आदेश, दि. २० जून.

चि. अर्णव,

आदेश मिळाला. शिक्का बटाट्याचा आहे हे पत्रात लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं. पण सही तुझी आहे, तारीख आहे, आणि रुजू होण्याचा मुहूर्तही आहे. तेवढं पुरतं. आदेश फाइलला लावला.

हिरामणने एकोणतीस इंचाला नाक मुरडलं. "साहेब, तीस करू. एक इंचाने काय होतंय?" मी म्हटलं, आदेशात एकोणतीस आहे, एकोणतीस म्हणजे एकोणतीस. लाकूड सागाचं घेतलं. विपुल केबलवाला इंटरनेटची लाइन टाकून गेला, आणि एक बंद पडली तर हाताशी असावी म्हणून दुसरीही टाकून गेला. इन्व्हर्टर बसवला. भेटायला येणाऱ्यांसाठी भिंतीशी एक बाकडं केलं. तुला भेटायला कोण येणार, असं हिरामणने विचारलं. ऑफिस म्हटलं की माणसं येणारच, त्याला काय कळतंय!

दाजीकडे गेलो होतो. तुला माहीतच आहे, तोंडात शिवी आणि हातात खाडीची कोळंबी. मी भीत भीत आवाजाचं बोललो तर म्हणतो, "सुधीरभाऊ, पोरगा घरी येतोय ना? मंग लूमचं काय घेऊन बसलाव! बेल लावा की." आणि खरंच लावली. भिंतीतून वायर नेली. तुझ्या टेबलापाशी बटण, त्याच्या शेडमध्ये घंटा. एकदा वाजली की लूम बंद, दोनदा वाजली की चालू. कारागीर हसत होते, "साहब, ये तो स्कूल हो गया!"

ती काळी भिंत पांढरी करणार होतो, तुमच्या त्या कॅमेऱ्यात बरी दिसावी म्हणून. तुझी आई म्हणाली, "रंगवा." नुसतं "रंगवा" म्हणाली आणि गॅसकडे वळली. म्हणून तूर्त तशीच ठेवली आहे.

हजेरीपटही आणला, लांब पानांचा, जुन्या पद्धतीचा. नाव रुजू झाल्यावर लिहायचं असतं, म्हणून पहिलं पान कोरं आहे. वज्रेश्वरीच्या ताईला कळवलं. ती म्हणाली, "भाग्याचा आहेस सुधीर, लोकांची पोरं जातात, तुझा परत येतोय." आळीतही सगळ्यांना माहीत आहे.

बाबा

*

बंगळूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. बाबा,

पत्र मिळालं. टेबल छान झालं असेल. इथे कामाचा फार रेटा आहे, सविस्तर नंतर लिहितो. तुम्ही उगाच दगदग करू नका. बाकड्याची वगैरे काही गरज नव्हती. दोघं तब्येतीला जपा. अदितीचा नमस्कार.

अर्णव

*

भिवंडी,
२२ सप्टेंबर २०२४

चि. अर्णव,

सुखात राहा. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे, म्हणून त्यावर जावक क्रमांक नाही. ते ताईकडे वज्रेश्वरीला गेलेत. पाचच्या एस.टी.ने येतील, तोवर संपवायला हवं.

आधी दाजीभावोजींचं सांगते. त्यांचे लूम गेले रे. गौरी-गणपती गेले आणि चार दिवसांत भंगारवाल्याचा टेम्पो दारात. आठही लूम वजनावर गेले. आता त्या शेडमध्ये कुणाची तरी खोकी ठेवणार म्हणे. टेम्पो गेल्यावर भावोजी आपल्या ओट्यावर येऊन बसले, पाणी मागितलं आणि न पिताच उठले. म्हणाले, "वहिनी, कान लय दुखतान." इतक्या वर्षांची खटखट थांबली तर दुखणारच. मलाच बघ, आवाज खाली आणताच येत नाही. मुलं म्हणतात, "बाई, ओरडता कशाला? आम्ही इथंच आहोत." आयुष्यभर लूमच्या वर बोलले, आता खाली कशी बोलू?

आणि तुझे बाबा. रोज साडेनवाला इस्त्रीचा शर्ट घालतात आणि मागच्या खोलीत जाऊन तुझ्या खुर्चीवर बसतात. विचारलं तर म्हणतात, "खुर्ची तपासतोय." दोन महिने तपासताहेत. परवा बेलचं बटण एकदा दाबलं त्यांनी. पलीकडे बंद करायला काही राहिलेलंच नव्हतं. 

अर्णव, तुझं चार ओळींचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं. लहानपणी पाढा चुकतोय असं वाटलं की तू असाच भराभरा म्हणून मोकळा व्हायचास. तू येणार नाहीस, हो ना?

त्यांना सांग. फोनवर नको, लेखी सांग. लेखी आलेली वाईट बातमी ते पचवतात, जन्मभर तेच केलंय. दसऱ्याच्या दिवशी शर्ट घालून ते दारात उभे राहिले तर मला बघवणार नाही. तू चेष्टा केलीस, मला ठाऊक आहे. पण त्यांच्या भाषेत चेष्टा करायची नसते रे. ती त्यांना खरी वाटते.

मला काय वाटतं म्हणशील, तर मलाही तू हवा होतास. पण मला कुणी मंजुरी दिलीच नव्हती, त्यामुळे माझं रद्द व्हायला काही नाही. स्वयंपाकघरात शिकवणी बरी चालली आहे. कुकरची शिट्टी झाली की भागाकार थांबतो, एवढंच. आणि खाली बसून वह्या तपासल्या की गुडघे उठताना बोलतात.

एस.टी. आली वाटतं. थांबते.

आई

*

बंगळूर,
३ ऑक्टोबर २०२४

विषय : दि. २० जूनचा मंजुरी आदेश रद्द करण्याबाबत.

ती. बाबा,

विषय लिहून झाला आणि पुढे हात चालेना. तुम्ही चौतीस वर्षं लोकांना असं कसं लिहीत होता?

मी येणार नाहीये. सोळा जूनला कंपनीचा मेल आला होता, जुलैपासून सगळ्यांनी रोज ऑफिसात यायचं. घरून काम बंद. मला बढतीही दिली आहे, तीन वर्षं तरी इथून हलता येणार नाही. म्हणजे वीस जूनला तुम्हाला तो आदेश लिहिला तेव्हा मला हे सगळं माहीत होतं.

चेष्टा होती, असं म्हणून सुटता आलं असतं. पण तशी पूर्ण चेष्टा नव्हती, बाबा. तुमचं पत्र वाचलं आणि मला त्या खोलीत बसावंसं वाटलं. खरोखर होणार नाही तर निदान एका कागदावर तरी होऊ दे, असं वाटलं. मला वाटलं तुम्हीही गंमतच करताय, जावक क्रमांक घालून. मग तुमचं दुसरं पत्र आलं. सागाचं लाकूड, घंटा, बाकडं. ते वाचून मला इतकी लाज वाटली की चार ओळींच्या पुढे लिहवेना. अदिती तेव्हापासून म्हणतेय, सांगून टाक. मी आज-उद्या करत राहिलो.

दिवाळीला येतोय, चार दिवस. ते टेबल बघायचंय मला.

रागवा माझ्यावर. पण लेखी रागवा, गप्प राहू नका.

अर्णव

*

भिवंडी,
१४ ऑक्टोबर २०२४

जा. क्र. ३/२०२४
विषय : रद्द आदेश मिळाल्याची पोच.

चि. अर्णव,

पत्र ९ तारखेला मिळालं. दोन दिवस मी फाइल उघडली नाही.

रागावलो आहे. सोळाला मेल येतो आणि वीसला तू मंजुरी देतोस? माझ्या हाताखाली असतास तर मेमो दिला असता. ताईला काय सांगू, आळीला काय सांगू, हे आधी मनात आलं. मग वाटलं, सांगायचं काय त्यात, पोराची बढती झाली. तसंच सांगितलं. ताई म्हणाली, "अरे वा!" आणि फोन ठेवला. तू हवा होतास अर्णव. खुर्ची वगैरे निमित्त होतं.

आता दसऱ्याचं. तू नसलास तरी टेबल नवं आहे, पूजा केली पाहिजे. झेंडूचं तोरण लावलं. हळद कमी पडली म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तिथे पाटीपूजन चाललं होतं. ओटा आणि फ्रीज यांच्यामधल्या बोळात पाच मुलं दाटीवाटीने बसून पाटीवर सरस्वती काढत होती. रुचिकाने पाटी पिठाच्या डब्यावर ठेवली होती, एकाने चपलांच्या खोक्यावर. तुझी आई पाटावर, पाठ मोरीच्या कठड्याला. मला बघून म्हणाली, "सरका रे, आजोबांना जाऊ द्या." आणि पाच पाट्या उचलल्या गेल्या. माझ्या एकट्यासाठी. मला फक्त चिमूटभर हळद हवी होती.

मी हळद न घेताच परत आलो आणि तुझ्या त्या खुर्चीत बसलो. मला कचेरीत टेबल होतं, पंखा होता, पाणी द्यायला शिपाई होता. तिला कोन गावच्या शाळेत नोकरी लागली होती, ती तू झालास म्हणून तिने सोडली आणि घरीच मुलं शिकवायला घेतली. कारागिरांची, दाजीची, आळीतली, मिळतील तेवढी. घरून काम करणं ही तुम्हा लोकांची टूम आहे असं मी समजत होतो. माझ्याच घरात ते जन्मभर चाललं होतं. तिच्यासाठी मी एकदाही सुतार बोलावला नाही. आणि तुझ्याकडून सगळं लेखी मागणारा मी, तिची खोली काढून घेताना हरकत नाही हे तोंडी घेतलं. तुला पहिल्या पत्रात कंसात लिहूनही टाकलं. ऑफिस कॉपी काढून वाचली. लाज वाटली.

सबब, कळवण्यात येते की, मागच्या खोलीतली जागा दसऱ्याच्याच मुहूर्तावर भरण्यात आली. कर्मचारी तुझ्या ओळखीचा आहे.

दिवाळीला नक्की ये. अदितीला आशीर्वाद.

बाबा

*

भिवंडी,
२० ऑक्टोबर २०२४

जा. क्र. ४/२०२४ (हा नंबर मला बाबांनी दिला. म्हणाले, ऑफिसातून पत्र जातंय, नंबर हवा.)

चि. अर्णव आणि सौ. अदिती,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टेबलावर बसून लिहिते आहे. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा मांडीवर कागद न घेता. तुझ्या मापाचं टेबल मला उंच होतं. खुर्चीवर बसले तर पाय लोंबकळतात, म्हणून स्वयंपाकघरातला पाट खाली ठेवलाय. हिरामणचं ऐकून तीस इंच केलं असतं तर मी वह्या नाकानेच तपासल्या असत्या.

तुझं ते बाकडं मुलांना बरोबर झालं. पाचजणं एका ओळीत बसतात. काळ्या भिंतीवर बाबांनी नवा काळा हात मारून दिला. उजेड डावीकडून येतो, रुचिका म्हणते, "बाई, आता फळ्यावरचं नीट दिसतं!"

गुरुवारी एक मजा झाली. आम्ही तेराचा पाढा जोरात म्हणत होतो आणि टेबलापाशी घंटा वाजली. एकदाच. भावोजींनी विपुलकडून त्यांच्या बाजूलाही बटण आणि आपल्याकडे घंटा बसवून घेतलीय. मी मुलांना गप्प केलं. एकदा म्हणजे बंद, तोच ठराव ना? दोन मिनिटांत भावोजी स्वतः धावत दारात. "वहिनी, बंद कशाला केलाव? चुकून एकदा दाबली! दोनदा दाबायची व्हती, चालूच ठेवा म्हणून! त्या खोक्यांमंदी बसवत न्हाय मला. चालू करा, चालू करा." मग मुलांनी पाढा पुन्हा पहिल्यापासून घेतला, आणि मी आवाज मुळीच खाली आणला नाही.

आता जे सांगायचंय ते.

बाबांनी मला खुर्चीत बसवलं त्या दिवशी हजेरीपटात काहीतरी लिहिलं आणि कपाटात ठेवून दिला. मी म्हटलं दसऱ्याची तारीख घातली असेल. काल ते बाजारात गेले होते तेव्हा काढून बघितला. पहिलं पान. अनुक्रमांक १. सौ. विद्युल्लता सुधीर टिपणीस. हुद्दा, शिक्षिका. रुजू झाल्याचा दिनांक, १५ जून १९९२.

अर्णव, ती तारीख मी स्वतः विसरले होते. मग आठवलं सगळं. सोमवार होता, शाळा उघडल्या होत्या. तू सहा महिन्यांचा, झोळीत. भावोजींचा प्रितेश आणि कारागिरांची दोन मुलं, अशी तिघं आली होती. बाबा कचेरीतून आले आणि पाट्यांवरून पाय टाकत म्हणाले, "चपला काढायलासुद्धा जागा ठेवली नाहीस." एवढंच बोलले होते. मला वाटायचं त्या दिवसाचं त्यांना तेवढंच आठवत असेल.

आणि हा कोण माणूस, तर कुणी कितीही वजनदार चिठ्ठी आणली तरी मागची तारीख टाकली नाही, म्हणून जन्मभर मिरवणारा. ते आल्यावर मी विचारलं, "अहो, हे चालतं का?" पिशवीतले बोंबील काढत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पूर्वलक्षी प्रभावाने करता येतं. नियम आहे."

मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मुलं यायची वेळ झाली तशी डोळे पुसून बाहेर आले, तर बाबा दारात उभे. चपला उंबऱ्याबाहेर काढलेल्या, हातात चहाचा कप. मला म्हणाले, "आत येऊ का?"

दिवाळीला याल तेव्हा तुम्हीही विचारूनच आत या.

आई